दोन ब्रेकची गाडी

लग्नानंतर सासूबाईंनी मला पहिल्यांदा बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी हसण्यावारी नेलं. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. त्या मटार सोलत होत्या आणि मी सोललेले निम्मे दाणे तोंडात टाकत होते. बाहेरच्या खोलीत त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, पंखा दुरुस्त करत होता आणि पंख्याशीच गप्पा मारत होता. सासूबाई म्हणाल्या, "याच्या तोंडाचा पट्टा चालू आहे तोवर तू निर्धास्त राहा. चिडला, रुसला, आदळआपट केली तरी मनावर घेऊ नकोस. पण गप्प झाला ना, तर सोडू नकोस त्याला. आणि एकदा विचारून भागायचं नाही. एकदा विचारलं की तो 'ठीक आहे' म्हणतो. दुसऱ्यांदा विचार."

"आई, हा गप्प झाला तर मी सगळ्या शेजाऱ्यांना चहाला बोलावीन," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. किडका दाणा बाजूला काढत म्हणाल्या, "लक्षात असू दे फक्त."

नाही राहिलं.

माझा नवरा गाडी शिकवतो. मीही त्याच्याकडेच शिकले, म्हणून मी त्याला अजून 'मास्तर' म्हणते. मी विमा कंपनीत अपघातांच्या आकडेवारीचं काम करते. म्हणजे कुठल्या वळणावर, कुठल्या वयात, कुठल्या वेळी माणसाचं काय होतं, हे मला पाठ असतं. असं डोकं घेऊन मी स्टिअरिंगवर बसले तेव्हा माझे हात घामाने निसटत होते. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची, हे मला काही केल्या जमेना. क्लच सोडला की गाडी मागे. एकदा अशीच मागे घरंगळत निघाले, तेव्हा बाजूच्या सीटवरून त्याने शांतपणे ब्रेक दाबला आणि म्हणाला, "मॅडम, गाडीला माहेरची आठवण आली वाटतं." मी इतकी हसले की परीक्षेची धास्तीच गेली. पुढे लग्न झाल्यावर तो लोकांना सांगायचा, "ही अपघात मोजते, मी टाळतो. घर व्यवस्थित चाललंय."

शिकवण्याच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा आणि एक शिकवणाऱ्याचा. आणखीही एक वस्तू असते, ती बाहेरून कुणाला दिसत नाही. समोरच्या काचेला एक छोटा गोल आरसा चिकटवलेला असतो. त्यात रस्ता दिसत नाही, शिकणाऱ्याचे डोळे दिसतात. मास्तर म्हणायचा, "रस्ता सगळेच बघतात. शिकणारा कुठे बघतोय ते मी बघतो. डोळे आधी चुकतात, मग हात चुकतात."

यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलला आठवडाभर सुट्टी होती. मालकांनी गाडी वापरायला दिली. मास्तर एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाला, "डोंगरातल्या तळ्यांकडे जाऊ या का? तिघं." बस्स, एवढंच. पुढे काही नाही. एरवी त्याने तळ्यातल्या माशांची नक्कल केली असती. मी मात्र त्या क्षणी थंडीचे कपडे, ताप मोजायचं यंत्र, उकळलेलं पाणी, उलटीच्या पिशव्या आणि वाटेतले दवाखाने यांच्या विचारात पडले. आमची गोटी सव्वा वर्षाची आहे. डोळे गोटीसारखे म्हणून गोटी. ती जन्मल्यापासून मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे, आणि तेल फक्त तिच्यापुरतंच होतं.

निघताना छतावरची पाटी काढली. मागच्या काचेवरचं 'सावधान, शिकाऊ चालक' मात्र खरवडून निघेना. त्यामुळे घाटात आमच्या मागे येणारा प्रत्येक जण आधी दहा हात लांब राहायचा आणि मग पुढे जाताना वाकून बघायचा, की एवढ्या वळणांवर शिकायला आलंय तरी कोण. एका मालट्रकवाल्याने तर खिडकीतून हात काढून मला सांगितलं, "ताई, सोपा रस्ता नाही मिळाला का?" मी मास्तरकडे बघितलं. अशा वाक्यावर तो गावभर पुरेल एवढं बोलला असता. तो फक्त म्हणाला, "हं."

मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते, पायाशी दुसरा ब्रेक. बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते हे, की तो गोल आरसा फिरवून मागे गोटीकडे वळवला. आता मला मान न वळवता तिचं नाक, तिची छाती वरखाली होतेय का, तिने चप्पल तोंडात घातली का, सगळं दिसत होतं. आरसा फिरवताना मास्तरने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

घाट सुरू झाला आणि माझा पाय माझा राहिला नाही. वळणावर समोरून बस आली की मी ब्रेक दाबायची. कठड्यापलीकडे दरी दिसली की दाबायची. एकदा एका गायीसाठी दाबला, ती चांगली पाचपन्नास पावलं लांब, गवतात बसलेली होती. गाडी आचका खायची, गोटी मागे खिदळायची, तिला वाटायचं खेळ आहे. "सॉरी, सॉरी," मी म्हणायची. तो म्हणायचा, "असू दे."

असू दे. एरवी याच माणसाने गायीची माफी मागायला लावली असती.

"बरा आहेस ना?" मी विचारलं.

"ठीक आहे. झोप कमी झाली."

झोप तर दोघांचीही कमी होती. मी 'हं' म्हटलं आणि आरशात गोटीकडे बघितलं.

पहिलं तळं दुपारी लागलं. डोंगराच्या ओंजळीत कुणी पाणी धरून ठेवावं तसं होतं ते, काठाला हिरवं, मधे गर्द निळं. लाकडी धक्क्यावर मुलं पाय सोडून बसली होती. मी गोटीच्या फ्रॉकला मागून घट्ट धरून उभी होते. मास्तर काठावर बसून चपटे दगड निवडत होता. पाण्यावर दगडाचे टप्पे पाडण्यात तो पटाईत आहे. पण त्याने एकही दगड मारला नाही. निवडले, एकावर एक रचले आणि तसेच ठेवून उठला. मी ते बघितलं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं.

राहायला एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. खाली मालकीणबाई, वर आम्ही. जिन्याला मधे एका ठिकाणी कठडाच नव्हता, तिथे मी आमची मोठी बॅग आडवी लावली. सकाळी मालकीणबाईंनी अंडी आणि पाव आणून ठेवला. मास्तर गोटीला कडेवर घेऊन खिडकीशी उभा होता. बाई माझ्या कपात कॉफी ओतता ओतता हळूच म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती शांत आहेत हो. आमचे होते ते, पाहुण्यांना जेवू द्यायचे नाहीत एवढं बोलायचे. नशीब लागतं."

कप माझ्या ओठांपाशीच राहिला.

मास्तरला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलंय. वात्रट, बडबड्या, डोकं खातो, रेडिओ. माझ्या वडिलांनी तर साखरपुड्यातच विचारलं होतं, "याला बंद करायचं बटण कुठे आहे?" पण शांत असं त्याला आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. एक अनोळखी बाई, जी त्याला एका संध्याकाळपुरतं ओळखते, तिला जो माणूस दिसला तो मला दिसलाच नव्हता. मटाराच्या शेंगा, किडका दाणा, सासूबाईंचा आवाज, सगळं एकदम समोर आलं. मी आठवायला लागले, हा शेवटचा केव्हा बोलला? म्हणजे खराखुरा, पट्टा सोडून? मला आठवेना. गोटीचा पहिला दात कुठला, ते मला आठवत होतं.

"काय गं?" तो खिडकीपासून म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. मीही त्याच्यासारखंच म्हटलं. एका घरात राहून माणसं एकमेकांच्या सवयी उचलतात.

त्या दिवशी वरच्या तळ्याकडे निघालो. घाट संपून वर पठार लागलं. रस्ता तळ्याला लागून सरळसोट, दोन्ही बाजूंना मोकळं गवत, माणूस नाही की जनावर नाही. अशा रस्त्यावर मलासुद्धा ब्रेक दाबायला काही कारण सापडत नव्हतं. विचारायचं कसं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात गोटीने हातातला लाकडी चमचा भिरकावला. तो थेट माझ्या पायाशी पडला, मी तो उचलायला वाकले, आणि वर येताना माझं डोकं त्या गोल आरशाला लागलं. आरसा गर्रकन फिरला. वर बघितलं तर त्यात गोटी नव्हती. मास्तरचे डोळे होते.

मी हात वर केला, आरसा परत फिरवायला. तो हात तसाच थांबला.

ते डोळे रस्त्यावर नव्हते. डावीकडच्या गवतात, उजवीकडच्या गवतात, पुन्हा डावीकडे. कुणीतरी आता आडवं येणार, असं समजून ते शोधत होते. त्या मोकळ्या माळावर. पापणी लवत नव्हती. मी खाली बघितलं. त्याचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरलेला होता, पोटरी थरथरत होती. गाडी नुसती रडतखडत चालली होती, आणि इतका वेळ मला वाटत होतं, हा तळं दाखवायला सावकाश चालवतोय.

डोळे आधी चुकतात, मग हात चुकतात. त्याचंच वाक्य.

"काय झालंय?" मी विचारलं.

"ठीक आहे."

"मी दुसऱ्यांदा विचारतेय."

त्याच्या जबड्याची हाडं हलली. "ठीक आहे म्हटलं ना."

पुढे तळ्याकडे उतरणारी खडीची मोकळी जागा दिसत होती. "तिथे बाजूला घे," मी म्हटलं. त्याने घेतली, पण थांबेना. तशीच हळूहळू पुढे जात राहिला, जणू थांबलं की बोलावं लागेल. मी वळून मागचा रस्ता बघितला. कुणी नव्हतं. मग मी माझा ब्रेक दाबला. कालपासून कितीदा दाबला होता, पण ठरवून दाबलेला हा पहिलाच. गाडी थांबली. गोटी खिदळली.

मास्तरने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग तो काचेकडे बघत बोलायला लागला.

"शाळेमागची गल्ली आहे ना. एक काकू शिकत होत्या. आडव्या बोळातून मुलगी आली सायकलवर. काकूंना दिसली नाही. मला दिसली. पण माझा पाय उशिरा पडला."

"थांबली ना गाडी?"

"थांबली. तिच्या चाकाला टेकून थांबली. एवढंच. मुलगी पडलीसुद्धा नाही." त्याने काचेवरचा एक डाग पुसला. "ती म्हणाली, 'सॉरी काका.' तीच म्हणाली. आणि गेली निघून. मी तोंड उघडलं तर शब्दच येईना. काकू म्हणाल्या, देवासारखे धावलात. मी काय धावलो? मी डुलकीत होतो गं. उघड्या डोळ्यांनी."

"कधीचं हे?"

"गोटीला दात येत होते तेव्हाचं."

म्हणजे हिवाळ्यातलं. सगळा हिवाळा हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन त्या सीटवर जाऊन बसत होता.

"आता कुणीही शिकायला बसलं की मला तो बोळच दिसतो," तो म्हणाला. "मालकांना सांगितलंय. पुढच्या महिन्यापासून ऑफिसात बसतो, नावं नोंदवायला. गाडी नको. ही शेवटची खेप म्हणून म्हटलं, तुम्हाला तळी दाखवावीत."

ज्या कामावर याचं एवढं प्रेम, ते हा न बोलता सोडून मोकळा झाला होता, आणि मी जिन्याला बॅगा आडव्या लावत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्या संध्याकाळी सांगायलाच आलो होतो. तू टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवत होतीस. आणि लहान मुलांच्या अपघातांचं काहीतरी मला वाचून दाखवलंस." तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "तुला सांगितलं असतं, तर तू गोटीला माझ्या गाडीत बसू दिलं असतंस?"

खोटं बोलता आलं असतं. "नसतं दिलं," मी म्हटलं.

"तेच."

मला आकडे येतात. अशा वेळी गाडी थांबण्याला किती अंतर लागतं, ताजातवाना माणूससुद्धा किती उशीर करतो, हे मी त्याला सांगू शकले असते, आणि ते खरंही होतं. पण आकड्यांनी मला स्वतःला कधी झोप लागलेली नाही, त्याला काय लागणार. मी दार उघडलं.

"उतर. मी चालवते."

"तू?" त्याच्या भुवया वर गेल्या. "गोटी पोटात होती तेव्हापासून तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस."

"म्हणूनच म्हणते, तू ब्रेकवर बस."

"वेडी आहेस का? गोटी मागे आहे."

"माहीत आहे कुठे आहे ती. तिला तुझ्या पायावर सोडून मी चालवणार आहे. ऊठ."

तो उतरला. बॉनेटच्या पुढून तो या बाजूला आला, मी त्या बाजूला गेले. मधे आम्ही समोरासमोर आलो तेव्हा त्याचा हात गारठलेला लागला. मी सीट पुढे ओढली. पट्टा लावला. त्याने सवयीने आधी आरसा धरला, माझ्या डोळ्यांवर बसेपर्यंत थोडा वाकवला. आता मला गोटी दिसेना.

"झोपली का ती?" मी विचारलं.

"समोर बघा. मागचं मी बघतो."

पहिला गिअर. खडी चाकाखाली करकरली. त्या मोकळ्या जागेतून रस्त्यावर यायला एक चढ होता, छोटासाच, पण तोंडाशी थांबून दोन्हीकडे बघून मग निघावं लागणार होतं. नेमकं जे मला कधीच जमलं नव्हतं. मी तोंडाशी थांबले. एक मोटारसायकल गेली. क्लच सोडला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडून मागे निघाली. मागे तळं होतं. माझ्या डोक्यात सगळे आकडे एकदम वाजायला लागले, आणि पाय एकाही पेडलवर नव्हता.

गाडी थांबली.

आचका नाही, झटका नाही. कुणी पाठीवर हात ठेवावा तशी थांबली. मी बाजूला बघितलं. त्याचा पाय ब्रेकवर होता, पुरता टेकलेला, आणि तो स्वतःच त्या पायाकडे बघत होता. पाय वेळेवर आला होता. मला वाटतं आम्हा दोघांनाही एकच गोष्ट कळली. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं, पुन्हा उभं राहिलं.

मग बाजूच्या सीटवरून, घसा खाकरून, जरा गंजलेल्या आवाजात आलं, "मॅडम, गाडीला माहेरची आठवण आली वाटतं."

मला हसू आलं आणि त्याच झटक्यात रडूही. "मास्तर, किल्ली फिरवू का?"

"आधी नाक पुसा. शिकणाऱ्याला समोरचं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या वेळी गाडी चढ चढली. तळ्याच्या कडेने मी चालवत राहिले, तो सांगत राहिला. आधी तुटक, मग सलग. तिसरा टाका. कठड्याला घाबरू नका, तो आपल्या जागेवरून हलत नाही. मालट्रकवाल्याची त्याने एक दिवस उशिरा का होईना, नक्कल केली. मागे गोटी झोपली होती म्हणे. मी बघितलं नाही. त्याने सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवला, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की तीन वळणं मी तिचा विचारही केला नाही.

परतीच्या वाटेवर थांबून सासूबाईंना फोन केला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "दुसऱ्यांदा विचारलंस ना?"

"विचारलं."

"मग झालं. फोन त्याला दे."

एका तळ्याने माणूस बरा होत नाही, हे मला माहीत आहे. मास्तर आता दर आठवड्याला एका डॉक्टरबाईंकडे बोलायला जातो, आणि म्हणतो की निदान तिथे कुणी मधे तोंड घालत नाही. ऑफिसातली खुर्ची त्याने घेतली, पण अर्ध्या दिवसापुरती. सकाळी तो शिकवतो. त्या काकूंचं राहिलेलं शिकणं आधी पुरं केलं, शाळेमागच्या गल्लीतूनच. रात्री गोटी उठली तर आळीपाळीने उठतो. काही सकाळी तो डब्याकडे बघत नुसता उभा असतो. मग मी विचारते. तो 'ठीक आहे' म्हणतो. मग मी पुन्हा विचारते.

हे मी लिहिलं ते तुम्हाला काम सांगायला. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या बडबडीला सगळे कंटाळलेले असतात. किंवा शेजारी असेल, किंवा ऑफिसात पलीकडच्या टेबलावर. हल्ली त्याचा आवाज येत नाही आणि घराला जरा निवांतपणा आलाय, असं तुम्हाला वाटत असेल. हे वाचून झालं की उठा आणि त्याच्याकडे जाऊन या. तो 'ठीक आहे' म्हणेल. तिथेच थांबा, आणि पुन्हा विचारा.